तुम्ही विचारलंत म्हणून: ताण दिला की खांद्याची ताकद जाते का?

मी बडोद्यात ज्युदो शिकवतो. संध्याकाळी मुलांना न्यायला आलेले आईवडील हमखास विचारतात, "सर, रोज एवढं ताणून घेता, खांदा सैल तर नाही ना पडणार? ताकद गेली म्हणजे?"

नाही जात. उलट आखडलेल्या खांद्यातली ताकद ऐन डावात हाताशी येत नाही.

नववीतला एक मुलगा आहे, १०० जोर सलग मारणारा. त्याला मॅटवर उताणा झोपवला, गुडघे उभे, आणि दोन्ही हात कानांजवळून डोक्यामागे न्यायला सांगितले. मनगटं मॅटपासून चार बोटं वरच अडली. त्यानं जोर केला, टेकवली, खूश झाला. मी कमरेखाली हात घातला तर अख्खा पंजा आत गेला. खांदा हललाच नव्हता, कंबर उचलली गेली होती.

ज्युदोत सदानकदा ओढणं चालतं, कॉलर नाहीतर बाही. त्यानं छातीचे आणि काखेमागून पाठीवर उतरणारे मोठे स्नायू तयार होतात, पण आखडतातही. ते हात आतल्या बाजूला वळवतात. बाहेर वळवणारे खांद्याच्या पात्यावरचे छोटे स्नायू मागे पडतात. खांद्याची खोबण मुळातच उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट धरून ठेवायला रोटेटर कफचे चार स्नायू लागतात, आणि हे छोटे त्यांतलेच. मोरोते सेओई नागेत, म्हणजे समोरच्याला खांद्यावरून फेकायच्या डावात, कॉलर धरलेला हात बाहेर वळवून कोपर समोरच्याच्या काखेखाली घालावं लागतं. खांदा वळला नाही की सगळा पीळ कोपरावर येतो. कोपर दुखतं म्हणून येणाऱ्या मुलाचा मी आधी खांदा बघतो.

तुमची शंका एका बाबतीत खरी आहे. कुस्तीच्या तोंडावर एकच स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर त्याचा जोर थोडा वेळ उतरतो. म्हणून आधी हात फिरवून, सरपटून अंग गरम करायचं. लांब ताण सराव संपल्यावर. आणि ज्याचा खांदा एकदा निखळलाय, त्याला सरसकट ताण मी देत नाही. त्याला घट्टपणाच हवा असतो.

दांडिया बाजारात माणिकरावांच्या आखाड्यात, जुम्मादादांनी १८८० साली सुरू केलेल्या, मल्लखांबावरची मुलं एकदा बघून या. हात पूर्ण ताणलेला असतो आणि त्याच हातावर अंगाचा भार तोललेला असतो. मला खांदा तसा हवा आहे.

त्या मुलाचे जोर मी कमी केलेले नाहीत. फक्त सराव संपला की तो कुशीवर झोपतो, कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडी घातलेला टॉवेल ठेवतो आणि एक किलोचं वजन हळूहळू वर वळवतो. पहिल्या दिवशी दहाव्या वेळेला हात थरथरायला लागला होता. आता पंधरा होतात, आणि मनगटं मॅटपासून दोन बोटांवर आलीत, कंबर टेकलेली असताना.