तुम्ही विचारलंत म्हणून : मी नेमकं बनवते काय?

लग्नाच्या पंगतीत, रिक्षात, मिसळीच्या रांगेत, प्रश्न ठरलेला. "केमिस्ट्रीत एवढी वर्षं घालवलीस, बनवलंस काय?" शेजारच्या काकू तर थेट विचारतात, "रंग करतीस का औषध?"

दोन्ही नाही. दोन रेणू एकमेकांना किती घट्ट धरतात, ते मी मोजते. कायमचे जोडले जात नाहीत ते. टेकतात, अडकतात, सुटतात. याला म्हणतात सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री. 1987 चं रसायनशास्त्राचं नोबेल यासाठीच पेडरसन, क्रॅम आणि लेन या तिघांना मिळालं. पेडरसनकडे पीएचडी नव्हती. त्यांना पहिला क्राउन ईथर (धातूचा आयन मधोमध धरून ठेवणारा कड्यासारखा रेणू) सापडला तो दुसरंच काही बनवताना, चिमूटभर अनपेक्षित स्फटिकांत. (हे मी पीएचडीच्या पोरांना जरा उशिराच सांगते.)

माझी पूड सायक्लोडेक्स्ट्रिनची, स्टार्चपासून होणारी. बीटा प्रकारात ग्लुकोजचे 7 घटक फेर धरतात आणि बूड नसलेल्या वाटीसारखा रेणू होतो. बाहेरून तो पाण्यात रमतो, आतल्या पोकळीला मात्र तेलकट पाहुणे आवडतात. फिनॉल्फ्थॅलीनच्या गर्द गुलाबी, अल्कलीयुक्त द्रावणात ही पूड टाकली की रंग उडतो, कारण रंगाचा रेणू वाटीत जाऊन बसतो. मग वाटीला त्याहून आवडणारा पाहुणा सोडायचा. तो आत शिरतो, आधीचा बाहेर पडतो आणि गुलाबी परत येतो. रंग किती परतला, यावरून नव्या पाहुण्याची पकड कळते. शंभरदा केलंय, तरी ते परतणारं गुलाबी बघायला मी अजून थांबते.

एका जुलैत मी मोजलेली पकड छापील आकड्यापेक्षा दर वेळी कमीच भरायला लागली. पंधरा दिवस मी बफरला (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणाऱ्या मिश्रणाला), यंत्राला, स्वतःच्या हाताला दोष दिला. शेवटी पूड ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा तोलली. वजन दहा-बारा टक्क्यांनी उतरलं! या पुडीत पाणी असतंच, आणि मी ते सायक्लोडेक्स्ट्रिन समजून तोलत होते. त्यातलं काही तर पोकळीतच ठाण मांडून बसलेलं. पाहुण्याला आधी त्याला उठवावं लागतं. बाहेर कोल्हापूरचा पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. तेव्हापासून पूड वाळवल्याशिवाय मी काट्याला हात लावत नाही.

काकूंना मी कापराचं उदाहरण दिलं. डबीतला कापूर उडून जातो. या वाटीत बसवला तर बराच टिकतो.

"मग दे की थोडी पूड."

"पण आरतीला तो नीट पेटायचा नाही, काकू."

"मग काय उपयोग?"

माझ्याही देवघरातल्या डबीत कापराबरोबर चार मिरीच असतात.