आयी, आये आणि जवळा

रविवार, २१ डिसेंबर. शांघाय.

आज वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. बाहेर पाच अंश, घरात फार तर बारा. हुआय नदीच्या उत्तरेला हिवाळाभर सरकारी व्यवस्थेने घरं गरम ठेवतात. शांघाय पडलं नदीच्या दक्षिणेला, त्यामुळे इथली थंडी ज्याची त्याने निस्तरायची. दुपारी तीन वाजता स्वेटर, त्यावर जाकीट अशा अवतारात ओट्याशी उभा होतो. खिमा जास्त गार की माझी बोटं, कळत नव्हतं.

समोरच्या दारातल्या आयीने आठवड्यापूर्वीच बजावलं होतं, या रात्री हुन्थुन खायचं. हुन्थुन म्हणजे वॉन्टन, गव्हाच्या पातळ पारीत सारण भरून उकडायचे आणि सुपात खायचे. उत्तरेकडे या दिवशी ज्याओझ, म्हणजे करंजीच्या आकाराचे डंपलिंग, करतात, शांघायची बरीच घरं तांदळाच्या पिठाचे गोड गोळे करतात. पण आयीचं माहेर सुझौचं, हायस्पीड गाडीने अर्ध्या तासावरचं, आणि सुझौला आज हुन्थुनच. माहेरच्या रिवाजापुढे कुणाचं चालत नाही, हे दोन्ही देशांत सारखंच.

मोठा घोळ 'आयी' या शब्दाचा. चिनीत आयी म्हणजे मावशी, आणि आईच्या वयाच्या कुठल्याही बाईला आयीच म्हणतात. एकदा व्हिडिओ कॉल चालू असताना मी दारातून "आयी!" अशी हाक मारली, तर फोनमधून वेंगुर्ल्याचा आवाज: "अरे, तू तिका आये कित्याक म्हणतंस?" दोन वर्षं झाली, आईचा तो सल अजून पुरता गेलेला नाही. (इकडे व्हॉट्सअॅप बंद, तिकडे २०२०पासून वीचॅट बंद. कॉल लागतो कसा ते विचारू नका.)

सकाळी मंडईत गेलो. पाऱ्या इथे ताज्या, वजनावर मिळतात. बाईने पिठी भुरभुरवलेला गठ्ठा काट्यावर टाकला, अर्धा जिन, म्हणजे पाव किलो. लहान हुन्थुनची पारी इतकी पातळ असते की खालचं बोट दिसतं. माझ्या हाताला ती झेपत नाही, म्हणून मोठ्या हुन्थुनची घेतली. शेजारीच जी-त्सायच्या जुड्या होत्या. दातेरी पानांची, रानात आपोआप उगवणारी भाजी, मोहरी-मुळ्याच्या कुळातली. शांघायची माणसं हिच्यासाठी जीव टाकतात. खिमा डुकराचा. आईला मी "खिमा" एवढंच सांगतो. कसला ते ती विचारत नाही.

आलं आणि कांद्याची पात चेचून पाण्यात कुस्करायची, ते पाणी चमचा-चमचा खिम्यात जिरवायचं आणि चॉपस्टिकने एकाच दिशेने घोटत राहायचं. दिशा बदलली तर काय होतं, असं मी एकदा आयीला विचारलं होतं. चपला घालून देवघरात गेलं तर काय होतं असं विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. दहाएक मिनिटांनी खिमा चिकट होतो, भांड्याच्या कडा सोडतो. पाणी मग त्यातच धरून राहतं आणि सारण कोरडं लागत नाही. त्यात सोया, मीठ, चमचाभर शाओशिंगची दारू, जी-त्साय उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळून बारीक चिरलेली. तिळाचं तेल सगळ्यात शेवटी.

वळणं सोपं, असं आयी म्हणते. मधे सारण, अर्धी घडी, पुन्हा थोडी घडी, मग दोन टोकं मागे नेऊन पाण्याच्या बोटाने एकावर एक चिकटवायची. माझा एक होईतो तिचे चार होतात. पहिल्या वर्षी मी मोदकासारख्या कळ्या पाडायला गेलो तर ती पोट धरून हसली. कळ्यांपाशी पारी जाड होते, ती कच्चीच राहते. दुसरी खोड अजून गेलेली नाही. सारण हात राखून भरलं की पाहुण्याचा अपमान केल्यासारखं वाटतं. आज पहिल्या घाण्यातल्या दहांपैकी तीन फुटले. एकात सारण जास्त होतं. दोघांत कडेची पिठी न झटकता पाणी लावलं होतं, चिकटणार कुठून?

पाणी खळखळलं की हुन्थुन सोडायचे, पुन्हा उकळी आली की अर्धी वाटी गार पाणी, परत उकळी, परत गार पाणी. पारी फाटत नाही आणि आतल्या खिम्याला शिजायला सवड मिळते. मात्र हे पाणी म्हणजे सूप नव्हे. मला हे कळायला एक हिवाळा गेला. तोवर मी ते पिठाळ पाणीच मीठ-मिरी घालून पीत होतो आणि आपलं बेचव का होतं म्हणून पारीला दोष देत होतो.

सूप पातेल्यात होतच नाही, ते वाडग्यात होतं. तळाशी चमचाभर सोया, पांढरी मिरी, नखाएवढी चरबी, चुरलेलं कोरडं समुद्री शेवाळ, अंड्याच्या पातळ धिरड्याच्या पट्ट्या, पात आणि चिमूट-दोन चिमटी श्याफी. वरून उकळता रस्सा. रस्सा नसला तर नुसतं आधणाचं पाणीसुद्धा चालतं, आणि खोटं नाही सांगत, मला तेच जास्त आवडतं. कॉर्नफ्लॉअर घालून दाट केलेलं आपल्या गाडीवरचं सूप याच्या लांबच्या नात्यातलंही नाही.

श्याफीचा शब्दशः अर्थ कोळंबीची साल. पण ती साल नव्हेच. पहिल्यांदा ते पाकीट कात्रीने कापलं आणि मी ओट्याशी तसाच उभा राहिलो. आजीच्या माळ्यावरचा पत्र्याचा डबा, पावसाळ्याची बेगमी, झाकण उघडताना होणारा तो 'टक' आवाज. जवळा! नंतर शोधून पाहिलं तर खरंच, दोन्ही अॅसिटेस या बारीक कोळंबीच्या वंशाचे. इकडच्या समुद्रातली जात निराळी, आपली निराळी. म्हणजे मी इतके दिवस पारी आणि सारणाच्या मागे लागलो होतो, आणि जी चव मला या वाडग्याशी परत परत आणत होती ती तळाशी बसली होती.

आज ऐन वेळी श्याफीचं पाकीट रिकामं. मग फ्रीजरमधून आईची पुडी काढली, मे महिन्यात तिने कपड्यांच्या घड्यांत कोंबलेली. "नीट निवड हां, रेव आसा," असं तेव्हाच सांगितलेलं. निवडला, म्हणजे बधिर बोटांनी जमला तेवढा. श्याफीसारखा हा थेट घालवेना, म्हणून तवा तापवून कोरडाच भाजला.

वास सुटला तो सुटलाच. दाराच्या फटीतून लिफ्टपर्यंत गेला असणार. मुंबईत राहत होतो तेव्हा जिन्यात असा वास आला की पाचव्या मिनिटाला सोसायटीचा निरोप यायचा. इथे तिसऱ्या मिनिटालाच बेल वाजली. दारात आयी, रजईच्या कापडाच्या गुबगुबीत पायजम्यात.

"श्याफी?"

तव्यावरचा एक जवळा उचलून तिने दिव्याकडे धरला, दाताखाली मोडला. आमच्याकडच्यापेक्षा लाल आहे, म्हणाली. कुठून आणलास? मी म्हटलं, मामाने दिला. चिनीत मामा म्हणजे आई. आयी म्हणजे मावशी आणि मामा म्हणजे आई, हे एकदा वेंगुर्ल्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. पुन्हा करणार नाही.

तिला बसवलं. न फुटलेले सात हुन्थुन तिच्या वाडग्यात, वरून आधणाचं पाणी. जवळा तरंगून वर आला, शेवाळ फुलून पसरलं, चरबीचे बारीक डोळे चमकायला लागले. तिने आधी सूपच घेतलं, चमच्याने, आवाज करत. दुसऱ्या घोटाला थांबली. जिभेवरून काहीतरी बोटावर घेतलं, निरखून पाहिलं.

वाळूचा कण.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आमच्याकडे जवळा किनाऱ्यावर पसरून वाळवतात, कितीही निवडला तरी एखादा खडा राहतोच, हे सांगायला चिनी शब्द सापडेनात. ऊन म्हटलं, खाली म्हटलं, हाताने पसरून दाखवलं.

"हाय," ती म्हणाली. हाय म्हणजे समुद्र.

"हाय," मी म्हटलं.

तिने तो कण बशीच्या काठावर ठेवला आणि चमचा पुन्हा वाडग्यात बुडवला. चार हुन्थुन संपल्यावर म्हणाली, सारण जास्त भरतोस.