तुम्ही विचारलंत म्हणून

"अगं, त्या पडेल सिनेमात तुला एवढं काय दिसतं?" हे मला नणंदेनं विचारून झालंय, ऑफिसातल्या दोघींनी विचारून झालंय, आणि गेल्या महिन्यात तर डेंटिस्टनं विचारलं, तोंडात मशीन घालून, म्हणजे उत्तरही देता येईना. तेव्हा एकदाच लिहून टाकते.

सिनेमा म्हणजे 'ब्लास्ट ऑफ सायलेन्स', १९६१ चा, ७७ मिनिटांचा, ब्लॅक अँड व्हाइट. फ्रँकी बोनो नावाचा सुपारी घेणारा माणूस ऐन नाताळात क्लीव्हलंडहून न्यूयॉर्कला येतो, एका गुंडाला उडवायला. बस, स्टोरी एवढीच. फ्रँकीचा अभिनय लाकडी आहे, मान्य. कारण तो दिग्दर्शक अ‍ॅलन बॅरन स्वतःच आहे, पीटर फॉक या नटाला घ्यायचं होतं पण त्याला पैसे देणारं दुसरं काम मिळालं, मग हाच कोट घालून उभा राहिला. सेट नाहीत, खरेच रस्ते, तेही परवानगी न काढता. पूर्वी मी हे सगळं कौतुकानं सांगायचे, बघा खिशात दमडी नसताना काय केलंय वगैरे. आता वाटतं, काय बोलत होते मी! पैसे नव्हते हा काय गुण झाला? आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या नाटकालाही पैसे नसतात.

मला धरलं ते त्यातल्या आवाजानं. सुरुवातीला पडदा काळाकुट्ट, आगगाडीचा खडखडाट, आणि एक खरखरीत आवाज फ्रँकीला त्याच्याच जन्माची गोष्ट सांगतोय, थेट तू म्हणून, की तू राग घेऊनच जन्मलास. मग लांब बोगद्याच्या टोकाला उजेडाचा एक ठिपका, तो मोठा मोठा होत जातो. आवाज लायनेल स्टँडरचा, शब्द वॉल्डो सॉल्टचे, दोघंही हॉलिवूडच्या ब्लॅकलिस्टवरचे, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांना काम द्यायचं नाही असं ठरलेलं त्यांतले, म्हणून श्रेयनामावलीत एकाचं नावच नाही आणि दुसऱ्याचं खोटं. आपण तू कुणाला म्हणतो, आईला, देवाला, नाहीतर आरशात बघून स्वतःला. पहिल्या नोकरीत मी चेन्नईला होते, दिवाळीत पीजीची मेस बंद, चार दिवस ब्रेड आणि केळी, आणि डोक्यात असाच आवाज चालू, तू घरी फोन करू नकोस, तू रडशील, त्यांना कळेल. सिनेमा मी खूप नंतर पाहिला आणि चपापलेच, हा माझा आवाज यांना कुठून मिळाला.

इथपर्यंत मी सगळ्यांना सांगते. पुढचं सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी ३१ डिसेंबरला आमच्याकडे नवऱ्याचा ग्रुप होता, दहाबारा जण. कुणीतरी म्हणालं, वहिनी, लावा की तुमचा तो सिनेमा. लावायलाच नको होता. पंधरा मिनिटांत मोबाईल निघाले. मग तो पार्टीचा सीन आला, फ्रँकीला अनाथाश्रमातला जुना ओळखीचा भेटतो, पार्टीला ओढून नेतो, आणि तिथे जमिनीवर ओणवं होऊन नाकानं शेंगदाणा ढकलायची शर्यत लागते. आमच्या टीपॉयवर खारे दाणे होतेच. एकानं एक दाणा फरशीवर ठेवला आणि सरळ लोटांगणच घातलं. सगळे खो खो. आणि मी? मीपण हसले. नुसती हसले असते तर ठीक, मी म्हणाले, "थांबा, याहून येडपटपणा पुढे आहे!" म्हणत असतानाच टीव्हीकडे लक्ष गेलं तर फ्रँकी फरशीवर, चार लोकांत आपण वेगळे दिसू नये म्हणून.

पण खरं लागलं ते त्यानंतरचं. त्या मित्राची बहीण नाताळच्या दिवशी त्याला घरी बोलावते, मायेनं बोलते, आणि हा तिच्यावर जबरदस्ती करायला जातो. सगळे गप्प झाले. मी घाईघाईनं म्हणाले, "एकटा पडलाय ना तो, त्याला कळत नाही." किचनच्या दारात लेक उभी होती, हातात प्लेटा. म्हणाली, "आणि ती? नाव काय गं तिचं?"

मला आठवेना. बंदूक विकणाऱ्या, उंदीर पाळणाऱ्या त्या जाड्या राल्फचं नाव पाठ, संगीत कुणाचं तेही पाठ, आणि हिचं नाव नाही. दहावेळा तरी बघितला असेल मी. चेन्नईच्या त्या पोरीला मी फ्रँकीच्या जागी बसवलं होतं, लॉरीच्या जागी एकदाही नाही. (लॉरी. दुसऱ्या दिवशी शोधलं.)

आता तुम्ही म्हणाल, सिनेमा काही त्याची बाजू घेत नाही. नाहीच घेत, लॉरी त्याला जायला सांगते आणि शेवटी त्याचं जे व्हायचं ते होतं, खाडीकाठच्या चिखलात, खऱ्याखुऱ्या वादळात. हे मी लेकीला सांगितलंय. ती म्हणाली, मी सिनेमाबद्दल नाही विचारलं.

त्यात एक शॉट आहे, रिकामा रस्ता, फ्रँकी पार लांबून कॅमेऱ्याकडे चालत येतो, येतच राहतो, कट नाही. तेवढाच कधीतरी रात्री लावते, आवाज बारीक करून. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, एखादा चांगला थ्रिलर सांग गं. मी दुसराच सांगितला.