गंगाधरचे दात आणि जोकरची मिशी

माझ्या फोनमध्ये दोन प्लेलिस्ट आहेत, एकीचं नाव 'हसायचं' आणि दुसरीचं 'उडायचं', आणि हल्ली पंचाईत अशी झालीय की कुठला व्हिडिओ कुठे टाकायचा तेच कळत नाही. दूरदर्शनवरचा सुपरहिरो शक्तिमान उडायच्यात पाहिजे ना, पण मी तो बघतो हसायला. 'ऑफिस ऑफिस' सिरियलमधला, सरकारी ऑफिसात खेटे घालणारा मुसद्दीलाल हसायच्यात आहे, पण त्याचे दोन एपिसोड लागोपाठ बघितले की हसू आटतं आणि वाटतं कोणीतरी वरून उडत यावं नि ह्या बिचाऱ्याला उचलून न्यावं. भाचा म्हणतो, मामा तू हे सगळं जेवताना सांगत बसतोस त्यापेक्षा लिहून टाक कुठेतरी, म्हणजे आम्हाला ऐकावं लागणार नाही. तर घ्या.

शक्तिमान पहिल्यांदा लागला १३ सप्टेंबर १९९७ ला आणि संपला २००५ मध्ये, म्हणजे आमच्या वयाच्या पोरांचं जवळजवळ अख्खं शाळकरी आयुष्य त्याच्यात गेलं. रविवारी दुपारी लागायचा तेव्हाचं मला चांगलं आठवतंय. आमच्या गोव्यातल्या पेडण्यात रविवारी कोणाच्या घरात काय शिजतंय ते रस्त्यावरूनच कळतं, तर आईने तव्यावर बांगडे टाकलेले, वास बाल्कांवापर्यंत, म्हणजे पुढच्या ओसरीपर्यंत, बाबा अँटेना फिरवायला अर्धे कौलांवर चढलेले आणि आतून आम्ही ओरडतोय आलं आलं आलं... गेलं! आणि नेमका शक्तिमानचा शत्रू किल्विश अंधाराच्या गोष्टी करायला तोंड उघडणार तेवढ्यात शेजारून हाक, "लायट गेली मरे!" जसं काय आम्हाला दिसतच नव्हतं. अंधार पसरवायचं जे काम किल्विशला इतक्या वर्षांत जमलं नाही ते आमच्या गावात एका पावसात व्हायचं.

सगळ्यांना आठवतं ते त्याचं गरगर फिरणं. मला आठवतो गंगाधर, म्हणजे शक्तिमानचं दिवसाचं सोंग. पूर्ण नाव पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री, 'आज की आवाज'चा फोटोग्राफर, दात पुढे, जाड चष्मा, तेल लावून चापून बसवलेले केस. आता जरा विचार करा, मुकेश खन्ना हा माणूस त्याआधी 'महाभारता'त भीष्म होता, अख्ख्या देशाने त्याला बाणांच्या शय्येवर झोपलेला बघितला होता, घराघरात लोक त्याला नमस्कार करायचे, आणि तो चाळिशीला आलेला असताना खोटे दात लावून गीता विश्वाससमोर गडबडून उभा राहतो. हिंमत लागते बाबा. उडण्याचे शॉट आज बघवत नाहीत हे मी पण मान्य करतो, बाजूने कापल्यासारखी कड दिसते, मागचं आकाश एकीकडे चाललंय आणि हा दुसरीकडे. पण गंगाधरला इफेक्टची गरजच नव्हती ना. तो आज पण जसाच्या तसा चालतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने जुन्या सिरियल परत लावल्या तेव्हा भाचा माझ्याबरोबर बसायचा, शक्तिमान उडाला की मोबाईल हातात घ्यायचा आणि गंगाधर आला की खाली ठेवायचा. मला एवढा पुरावा बस्स.

हीच गंमत सुपरमॅन झालेल्या क्रिस्टोफर रीव्हची. १९७८ चा सुपरमॅन बघा परत, त्यात एक सीन आहे, त्याची आवडती लोइस आत गेलेली असते आणि क्लार्क, म्हणजे चष्मा लावलेला साधा सुपरमॅनच, बाहेरच्या खोलीत एकटा उभा, त्याच्या मनात येतं की हिला सांगून टाकावं. तो चष्मा काढतो आणि हळूहळू सरळ होतो. खांदे मागे, मान वर, आवाज सुद्धा खाली उतरतो, आणि तुम्हाला दिसतं की खोलीत दुसराच माणूस उभा आहे. मग धीर होत नाही, चष्मा परत चढतो आणि पोक परत येतं. वायर नाही, पडदा नाही, काही नाही. त्या सिनेमात न्यूयॉर्कवरून उडतात वगैरे ते सगळं ठीक, पण मी मागे घेऊन घेऊन बघतो तो हा सीन. दिवसाढवळ्या ऑफिसात मार खाणारा माणूस जेवढा चांगला जमला तेवढाच रात्रीचा हिरो खरा वाटतो, असं माझं म्हणणं आहे. 'कॅप्टन व्योम' (१९९८) ही सिरियल मला त्याच कारणाने कधी चढला नाही. मिलिंद सोमण दिसायला काय विचारता, पण तो सकाळी उठल्यापासूनच कॅप्टन. त्याची चप्पल कधी तुटत नाही.

बॅटमॅन मात्र वेगळंच प्रकरण. १९६६ चा सिनेमा, ॲडम वेस्ट नावाच्या नटाचा. मला तो पहिल्यांदा मिळाला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, चादर पसरून सीडी विकत बसायचे ना त्यातल्या एकाकडे, कव्हरवर फोटो भलत्याच नव्या बॅटमॅनचा आणि आत निघाला हा पोट थोडं सुटलेला, राखाडी बनियन-चड्डीतला सज्जन माणूस. मी फसलो असं समजून बंद करणार होतो. तेवढ्यात तो धूर सोडणारा मोठा काळा गोल बॉम्ब डोक्यावर धरून बंदरावर पळायला लागला. फेकायचा तर आहे, पण इकडे नन उभ्या, तिकडे बाळाची गाडी घेऊन बाई, पुढे बँडवाले, खाली पाण्यात होडीत जोडपं, आणि शेवटी एक बरी जागा सापडते तर तिथे बदकाची पिल्लं! आणि चेहऱ्यावर एक सुरकुती नाही हो. पूर्ण गंभीर. ॲडम वेस्टची सगळी कमाल तीच, की त्याला हे विनोदी आहे हे माहीतच नाही असं तो वागतो. हसायचं काम आपलं.

नंतर यूट्यूबवर सिरियलचे तुकडे शोधून शोधून बघितले. दोन वर्षांत १२० एपिसोड काढले होते त्यांनी, १९६६ ते ६८. भिंत चढायची म्हणजे सेटची भिंत जमिनीवर आडवी, कॅमेरा वळवलेला, आणि बॅटमॅन-रॉबिन दोरी धरून आपले चालतायत, मधेच खिडकी उघडते आणि कोणीतरी खराखुरा स्टार डोकं काढून गप्पा मारून जातो. गुंडांच्या अड्ड्यावर कॅमेरा कायम तिरका, कारण माणसं वाकडी ना. पण मला सगळ्यात आवडतो तो बॅटमॅनचा शत्रू, सीझर रोमेरो ह्या नटाचा जोकर. त्याने मिशी काढायला साफ नकार दिला. मग काय करणार, मिशीवरूनच पांढरा रंग फासला. क्लोजअपमध्ये स्पष्ट दिसते, पांढऱ्या रंगाखाली केसन्‌केस. आजच्या जोकरवर लोक पानंच्या पानं लिहितात, त्याचं बालपण काय, त्याचं दुःख काय. आमच्या जोकरचं दुःख एकच, मिशी जाऊ नये. आणि ती गेली नाही!

आता कोणी म्हणेल ह्या पेडण्याच्या माणसाला अमेरिकेच्या बॅटमॅनचं एवढं काय. तर आमच्याकडे ह्याची सवय जत्रेपासूनच लागते. पालखी फिरून झाली की रात्री दशावतार, त्याच्या पहिल्या भागात संकासूर येतो, काळ्या पोशाखातला, ब्रह्मदेवाचे वेद चोरलेला, म्हणजे अगदी जगबुडव्या व्हिलन. आणि हा व्हिलन करतो काय तर मालवणीत टोले हाणतो, भटजीची फिरकी घेतो, पुढे बसलेल्या माणसांना पण सोडत नाही. संहिता लिहिलेली नसते, सगळं तिथल्या तिथे, त्यामुळे गावात त्या आठवड्यात जे झालं असेल ते पण त्याच्या तोंडी येतं. मग विष्णू येतो, युद्ध होतं, झांजा वाजतात, गिरक्या घेतात दोघे, आणि संकासूर मरतो. विष्णू जिंकणार हे दोन वर्षांच्या पोराला पण ठाऊक असतं, टाळ्या मात्र संकासुराला. मी शक्तिमानची गिरकी पहिल्यांदा बघितली तेव्हा आजी बाजूला बसली होती, ती म्हणाली, "हो दशावतारातलोच मरे!" आम्ही तिला गप्प केलं तेव्हा, पण म्हातारी बरोबर बोलली होती. देव आणि सोंगाड्या एकाच रंगमंचावर, एकाच रात्री, ह्यात आमच्याकडे कोणाला काही विचित्र वाटलंच नाही कधी.

ह्याच ओघात दिलीप प्रभावळकरांचं नाव घेतलंच पाहिजे. दूरदर्शनवर चिमणराव, तो हास्याचा. मग १९९३ ला महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'त तात्या विंचू, ज्याचा आत्मा रामदास पाध्येंनी बनवलेल्या बाहुल्यात शिरतो आणि ज्याच्यामुळे आमच्या वर्गातली पोरं रात्री मोरीत एकटी जायला घाबरायची. मग २००१ पासून अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मधले आबा (हा पण गंगाधरच, बघा), नातवंडांमध्ये रमलेले. आणि २०२५ मध्ये ऐंशी ओलांडल्यावर 'दशावतार' नावाच्या सिनेमात दशावतारी कलाकार. त्या सिनेमाला आमच्याकडून गाड्या भरून लोक गेले, मी पण गेलो, आणि मला सारखं वाटत होतं की हा माणूस इतकी वर्षं तिकडेच तर चालला होता.

कॉमेडीत पण उलट्या बाजूने तेच दिसतं मला. 'ऑफिस ऑफिस' घ्या, २००१ ची, पंकज कपूर. मुसद्दीलालला कधी पेन्शन, कधी आणखी कसला कागद, आणि दर आठवड्याला ऑफिस वेगळं पण माणसं तीच. पान खाऊन बोलणारा शुक्ला तोच, समोसा सोडून मान वर न करणारा भाटिया तोच, दोन गोष्टी सांगतो म्हणून सुरू करणारा पटेल तोच, उषाजी त्याच. पहिल्यांदा बघताना मला वाटलं हे कलाकार वाचवलेत. मग डोक्यात प्रकाश पडला की बॅटमॅनच्या गॉथम शहरात पण गुंडांचं असंच आहे ना, दर आठवड्याला तुरुंगात टाकायचे आणि पुढच्या आठवड्याला तेच परत. फरक एवढाच की मुसद्दीलालकडे केप नाही. पंकज कपूर खुर्चीवर कसा बसतो ते बघा, कडेला, अर्धाच, कधीही उठवतील ह्या हिशोबाने. मी एका सरकारी दाखल्यासाठी असाच बसलो होतो एकदा, कुठल्या ऑफिसात ते जाऊ दे, आणि टेबलापलीकडे खरोखर समोसा होता!

'हम पाँच' (१९९५) मध्ये तर चक्क अद्भुत शक्ती आहे. अशोक सराफ म्हणजे आनंद माथुर, पाच पोरींचा बाप, दुसरं लग्न केलेला, आणि भिंतीवरच्या फ्रेममधून मेलेली पहिली बायको त्याच्याशी बोलते, त्याची खेचते. ती प्रिया तेंडुलकर. दहा वर्षं आधी ह्याच प्रिया तेंडुलकर 'रजनी' होत्या, गॅस सिलिंडरपासून सगळ्यासाठी भांडणारी बाई, माझ्या मते आपल्या टीव्हीवरची पहिली सुपरहिरो तीच, पदर खोचला की झालं. तिला नंतर फोटोत बसवलं तरी ती गप्प बसली नाही. अशोक सराफ फोटोकडे बघून जे कसनुसं तोंड करतात त्यासाठी मी पूर्ण एपिसोड सहन करतो, कारण खरं सांगायचं तर पोरींच्या मधल्या भांडणाचा भाग आता फार ताणल्यासारखा वाटतो.

सगळंच जुनं चांगलं असं पण नाही हां. 'श्रीमान श्रीमती' लहानपणी पोट धरून बघितली, आता लावली तर शेजाऱ्याच्या बायकोवर लाळ गाळायची तीच तीच गंमत बायकोशेजारी बसून बघताना मलाच अवघडायला झालं, रीमा लागूंचं टायमिंग सोडलं तर. उलट 'ये जो है ज़िंदगी' १९८४ ची असून अजून ताजी आहे. शरद जोशींचं लिखाण, आणि सतीश शहा दर एपिसोडला नवीनच कोणीतरी माणूस होऊन यायचे. त्याचे एक दिग्दर्शक कुंदन शहा, ज्यांनी पुढे आमच्या गोव्यात 'कभी हाँ कभी ना' काढला, त्यात पण हिरो शेवटी हरतो आणि तरी तोच लक्षात राहतो. ह्या माणसाला सुपरहिरोचा सिनेमा करायला द्यायला पाहिजे होता कोणीतरी. काय धमाल झाली असती.

भाच्याबरोबर पणजीला जाऊन नवीन सुपरहिरो पिक्चर मी पण बघतो, पॉपकॉर्नच्या किमतीला शिव्या घालत. विनोद त्यात पण असतात, पण ते हिरोच मारतो, इमारत कोसळत असताना, स्वतःवर खूश होऊन. त्याला कोणी हसत नाही. भाचा म्हणतो मामा तुला गोष्टच कळली नाही, आधीचे अमुक इतके पिक्चर बघायला पाहिजेत. आम्हाला शक्तिमानचा एपिसोड लाईट जाऊन मधूनच दिसला तरी सगळं कळायचं, आता बोला.

२०२२ मध्ये सोनीवाल्यांनी शक्तिमानवर मोठा सिनेमा काढणार म्हणून जाहीर केलं होतं. इफेक्ट झकास असणार, तो खरोखर उडणार, कड-बिड काही दिसणार नाही. माझी भीती वेगळी आहे. आता हिरोला आधी जिममध्ये पाठवतात, मग त्याला खोटे दात लावायला कोण तयार होणार, आणि तयार झाला तरी त्याला किती मिनिटं देणार. ट्रेलर येईल तेव्हा भाचा उडण्याचा शॉट बघेल, मी दात बघणार. दात असले तर दोन तिकिटं माझ्याकडून, पॉपकॉर्न सुद्धा.