भर उन्हात बंद पडणारी मॉडिफाय आरएक्स १००: दोष कसा शोधला

गाडी यामाहा आरएक्स १००, ९८ सीसीची टू-स्ट्रोक. मूळ कार्ब्युरेटर काढून २४ मिमीचा बसवलेला, फिल्टरच्या डब्याऐवजी उघडा कोन फिल्टर, सायलेन्सर एक्सपान्शन चेंबरचा, म्हणजे ताकद वाढवणारा, मधे फुगीर पोटाचा. ऑइल पंप काढलेला, म्हणजे ऑइल थेट पेट्रोलमध्ये मिसळायचं. जास्त उजेडासाठी मॅग्नेटोची (इंजिनासोबत फिरून वीज बनवणाऱ्या भागाची) लायटिंग कॉइल नव्याने गुंडाळलेली. पारोळ्याच्या मालकाची तक्रार एवढीच: "भाऊ, चालता चालता बंद पडी जास, नि थोड्या टाइमनं परत चालू व्हई जास."

गॅरेजच्या सावलीत ती बंद पडतच नव्हती. अशा गाडीचे सुटे भाग अंदाजाने बदलत बसलं की मालकाचे पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो. म्हणून थंड इंजिनवर काहीच बदलायचं नाही असं ठरवलं. मे महिन्यातल्या दुपारी धुळ्याच्या रस्त्याला काढायची, बंद पडू द्यायची आणि पडल्या जागी तपासायची. सोबत प्लग पाना, एक चांगला प्लग, मल्टिमीटर, पारदर्शक नळी आणि मापाच्या खुणा असलेली बाटली.

बंद पडते कशी, हे आधी नीट पाहायचं. निम्मं निदान तिथेच होतं. करंट गेला तर इंजिन स्विच दाबल्यासारखं एका क्षणात मरतं, आधी काही सूचना नाही. पेट्रोल कमी पडलं तर शे-दोनशे मीटर आधीपासून गाडी ओढत नाही, अडखळते, आणि टू-स्ट्रोकमध्ये बऱ्याचदा मरण्याआधी आरपीएम आपोआप चढतो, कारण मिश्रण पातळ होत जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. असा आरपीएम चढला की लगेच क्लच दाबून थ्रॉटल बंद करायचा. ऑइल पेट्रोलमधूनच येत असल्यामुळे पेट्रोल थांबलं म्हणजे ऑइलही थांबलं, आणि पिस्टन सिलिंडरला धरायला, म्हणजे आत घट्ट अडकायला, मग वेळ लागत नाही.

ही गाडी दोन्ही प्रकारे बंद पडत होती. कधी एकदम, कधी अडखळत. म्हणजे दोष दोन होते, आणि एक दुरुस्त केला की दुसरा दिसायचा, म्हणून आधीच्या कुणाच्या हाती लागत नव्हते.

पहिल्यांदा पेट्रोलची बाजू घेतली. अडखळून बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडलं, तर हवा आत ओढल्याचा आवाज आला. झाकणाचं हवेचं छिद्र धूळ आणि गंजाने जवळजवळ बुजलेलं होतं. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत निर्वात तयार होतो आणि प्रवाह हळूहळू मंदावतो. हे पकडायला प्रवाह मोजावा लागतो, पण बहुतेक ठिकाणी तो चुकीचा मोजला जातो. झाकण उघडं ठेवून दहा सेकंद धार बघितली की ती जोरातच दिसते. इंजिन निवल्यावर, ठिणगीपासून लांब, झाकण घट्ट लावून कार्ब्युरेटरकडची नळी बाटलीत सोडायची आणि सलग चार-पाच मिनिटं दर मिनिटाचं माप लिहायचं. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर मिनिटाला साधारण ९० ते १०० मिली लागतात, म्हणून किमान १५० ते २०० मिली यायला हवेत. इथे सुरुवात चांगली होती, पण प्रत्येक मिनिटाला आकडा घसरत गेला. झाकणातला व्हॉल्व्ह खोलून साफ केल्यावर आकडा स्थिर राहिला.

तरीही उन्हात गाडी अडखळत होती, कमी वेळा, पण अडखळत होती. कारण पेट्रोल पाइपच्या वाटेत होतं. मोठा कार्ब्युरेटर बसवताना लांब पाइप ठेवला होता. तो सिलिंडरच्या पंखांजवळून खाली जाऊन पुन्हा वर चढत होता, आणि मध्ये काचेचा इनलाइन फिल्टर. रस्त्याच्या कडेला थांबून त्या फिल्टरकडे बघितलं तर आत पेट्रोलऐवजी मोठा बुडबुडा बसलेला, आणि खालून बारीक बुडबुडे येऊन त्यात मिसळत होते. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपास उकळू लागतात. खानदेशातल्या मे महिन्यात हवाच त्याहून तापलेली असते, इंजिनच्या आचेचं तर सोडाच. पेट्रोल ढकलणारा पंप असलेली गाडी असती तर बुडबुडा पुढे ढकलला गेला असता. इथे पेट्रोल नुसतं उतारावर येतं, म्हणून पाइपला जिथे उंचवटा, तिथे वाफ अडकते. पाइप आखूड केला, टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सलग उतार ठेवला, फिल्टर कॉकच्या लगेच खाली घेतला आणि कार्ब्युरेटर व मॅनिफोल्डमध्ये उष्णता अडवणारा बेकेलाइटचा स्पेसर घातला. अडखळणं थांबलं.

हवेची गळती तपासल्याशिवाय जेटिंगला, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छिद्रं (जेट) लहान-मोठी करण्याला, हात लावायचा नाही. आयडलवर मॅनिफोल्डच्या रबरावर साबणाचं पाणी मारलं, आरपीएम हलला नाही. क्रँकच्या सीलसाठी दाबाची चाचणी घेतली. एक्झॉस्ट आणि इनटेक रबरी बूच लावून बंद करायचे, पिस्टन तळाला ठेवायचा, म्हणजे सिलिंडर आणि क्रँककेस जोडलेले राहतात, आणि प्लगच्या भोकातून ६ पीएसआय दाब द्यायचा. यासाठी महागडं काही लागत नाही. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि काटा पुरतो, कारण त्याच्या काट्यावरचे ३०० (मिमी पारा) म्हणजे जवळपास ६ पीएसआयच. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहिला. सील ठीक.

आता एकदम मरण्याचा दोष. पहिला संशय किल वायरवर, म्हणजे इंजिन बंद करायच्या वायरवर, कारण सीडीआयच्या (ठिणगी देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या) गाडीत ही वायर कुठेही बॉडीला टेकली की इंजिन बंद. यामाहात ती काळी, पांढऱ्या पट्टीची. ती सीडीआयजवळ सोडवून गाडी चालवली. असं करताना चावीने इंजिन बंद होत नाही हे आधी मालकाला सांगावं, आणि गिअरमध्ये ब्रेक धरून बंद करायची तयारी ठेवावी. वायर सोडवूनही गाडी मेली. म्हणजे स्विच आणि हँडलकडचं वायरिंग निर्दोष. मेल्या क्षणी दुसरा प्लग सिलिंडर हेडला टेकवून किक मारली: ठिणगी नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तोच प्लग, तीच किक: निळी ठिणगी. गरम झाल्यावर तुटणारं काहीतरी.

स्टेटर (मॅग्नेटोतला न फिरणारा, कॉइलचा भाग) बाहेर काढून कॉइलला मीटर लावला आणि हेअर ड्रायरने तापवत गेलो. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणून ३० वरून ८० अंशांवर नेल्यावर आकडा सुमारे २० टक्के वाढला तर घाबरायचं नाही. कॉइल चांगलीच आहे. इग्निशन कॉइल आणि सीडीआयला वीज देणारी सोर्स कॉइल तशाच वागल्या. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलचा आकडा मात्र सावकाश चढत असताना अचानक मीटरवर 'ओएल' आलं, म्हणजे सर्किट उघडं. फुंकर मारून गार केली की आकडा परत. भिंगाने पाहिलं तर वायर जोडलेल्या सोल्डरच्या डागाभोवती केसासारखी गोल भेग. लायटिंग कॉइल गुंडाळताना स्टेटर उघडला गेला तेव्हा तो डाग कच्चा राहिला असणार. गरम झाला की भेग उघडायची, निवला की मिटायची. जुना डाग उतरवून, तार खरवडून नवा दिला, वर उष्णता सोसणारी नळी चढवली, आणि वायर स्टेटरला बांधली, म्हणजे हादरा डागावर येणार नाही.

शेवटी जेटिंग. सध्याच्या ई-२० पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. साध्या पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, वर एक्सपान्शन चेंबर, त्यालाही जास्त पेट्रोल लागतं. मेन जेट दोन पायऱ्या मोठा घालून सुरुवात केली आणि प्लगचा रंग बघत एक पायरी खाली आलो. फुल थ्रॉटलवर तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, मगच प्लग काढायचा. आयडलवर घरी आणलेल्या प्लगचा रंग काही सांगत नाही. ऑइल लिटरला ३३ मिली, म्हणजे ३० ला १. भीतीपोटी ५० मिली घालणारे आहेत, पण ऑइल वाढलं की तेवढ्याच जेटमधून जाणारं पेट्रोल घटतं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

मालकाला दोन गोष्टी लिहून दिल्या. इथेनॉलने साधा रबरी पाइप फुगतो आणि आतून सोलतो, तो दर उन्हाळ्याआधी बदलायचा, इथेनॉल चालणारा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करायचे, कारण इथेनॉल पाणी ओढतं आणि पाणी साचलं की ते इथेनॉलसकट पेट्रोल-ऑइलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, नेमकं कॉकच्या तोंडाशी.