तुम्ही विचारलंत म्हणून: शेअरबाजाराच्या न्यूजलेटरची वर्गणी भरावी का?

प्राप्तिकर विवरणपत्रे भरून देण्याचा माझा व्यवसाय असल्यामुळे लोकांचे शेअर-व्यवहार दरवर्षी माझ्या टेबलावरून जातात. साहजिकच, भांडवली नफ्याचा तक्ता तपासून झाला की बरेचजण हळूच विचारतात, “कोणते शेअर घ्यावे-विकावे ते सांगणाऱ्या अमुक एका न्यूजलेटरची वार्षिक वर्गणी भरू का? ते चालवणारा माणूस भरवशाचा आहे का?” यातल्या दुसऱ्या प्रश्नाकडे आपण पोहोचण्याआधीच पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा मिळून जाते, म्हणून मी सुरुवात माणसापासून न करता हिशेबापासून करतो.

समजा वर्गणी १२,००० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर तुमच्या खिशातून १४,१६० रुपये जातात. शेअरमध्ये घातलेली एकूण रक्कम तीन लाख असेल, तर हा खर्च ४.७ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणजे बाजाराच्या सरासरीइतके मिळवायचे असले तरी सल्लागाराला दरवर्षी तिच्यापेक्षा पावणेपाच टक्के जास्त कमवून द्यावे लागतील, आणि असे सातत्य भल्याभल्या फंड व्यवस्थापकांना साधत नाही. हीच वर्गणी तीस लाखांवर अर्ध्या टक्क्याहून कमी पडते. शिवाय न्यूजलेटर जितकी खरेदी-विक्री करायला लावेल तितका कर वाढतो: २३ जुलै २०२४ पासून वर्षभराच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर २० टक्के, तर वर्षानंतर विकलेल्या शेअरच्या नफ्यावर सव्वा लाखाची सूट वजा जाता १२.५ टक्के. याउलट निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडाचा (निर्देशांकातलेच शेअर धरणाऱ्या फंडाचा) वार्षिक खर्च डायरेक्ट, म्हणजे मध्यस्थाविना घेतलेल्या, योजनेत पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांशी माझे बोलणे इथेच संपते, कारण अंथरूण पाहून पाय पसरायचे ठरवले तर ही वर्गणी बसतच नाही.

रक्कम मोठी असेल तर मग सल्ल्याच्या गुणवत्तेचा प्रश्न येतो, आणि तो नवा नाही. अमेरिकेतील आल्फ्रेड काउल्स यांच्याकडे घरच्या गुंतवणुकीचे काम होते आणि त्यासाठी ते अशा बऱ्याच सल्लापत्रिका मागवत असत. १९२८ पासून त्यांनी या मंडळींचा लेखी हिशेबच मांडायला घेतला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १६ सल्लासेवांनी साडेचार वर्षांत केलेल्या सुमारे ७,५०० शिफारशी तपासलेल्या आहेत, आणि त्यांची कामगिरी बाजाराच्या सरासरीपेक्षा वर्षाला १.४३ टक्क्यांनी कमी भरली. पुढे जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वे यांनी १९८० ते १९९२ या काळातील २३७ न्यूजलेटरांचे सल्ले तपासले; बाजारात केव्हा शिरावे आणि केव्हा बाहेर पडावे हे ओळखण्याची हातोटी त्यांनाही या गटात एकंदरीने आढळली नाही. एखादे पत्र खरोखर चांगले असू शकते, हे मी नाकारत नाही. पण शेकड्यांनी पत्रे निघत असताना चार-पाच जणांचे अंदाज पाच वर्षे सलग बरोबर येणे हे नुसत्या योगायोगानेही घडते, आणि जाहिरात तेवढेच करतात.

माझ्या व्यवसायामुळे दिसणारी एक गोष्ट मात्र या अभ्यासांत येत नाही. पत्राने दाखवलेला परतावा आणि वर्गणीदाराला मिळालेला परतावा यांत बरेच अंतर असते. यादीत वीस-पंचवीस शेअर असतात. वर्गणीदार त्यांतले तीन-चार घेतो, बहुधा भाव दोन अंकी आहे म्हणून स्वस्त वाटणारे. विक्रीचा सल्ला आलेला ईमेल न वाचता पडून राहतो किंवा “एवढ्या तोट्यात कसा विकायचा?” म्हणून बाजूला सारला जातो. छोट्या कंपन्यांच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी असते. शिफारस संध्याकाळी येते, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे वर्गणीदार एकाच वेळी ऑर्डर टाकतात, शेअरला अप्पर सर्किट लागते, म्हणजे भाव त्या दिवसाच्या वाढीच्या कमाल मर्यादेला टेकतो, आणि ऑर्डर दिवसभर तशीच लटकते. तिसऱ्या दिवशी शेअर हाती येतो तोवर भाव दहा-पंधरा टक्के वर गेलेला असतो. पत्राच्या नोंदीत मात्र खरेदीचा भाव शिफारशीच्या दिवसाचाच राहतो. यात कोणाची लबाडी असेलच असे नाही, पण हे अंतर वर्गणीदाराच्या खिशातूनच जाते.

आता माणसाच्या भरवशाबद्दल. आपल्याकडे मोबदला घेऊन शेअरच्या शिफारशी करणाऱ्याला शेअरबाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार रिसर्च अॅनालिस्ट (विश्लेषक) म्हणून नोंदणी करावी लागते. हा नोंदणी क्रमांक ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. नाव, पत्ता आणि क्रमांक तिन्ही जुळतात का ते पाहावे, कारण दुसऱ्याचा क्रमांक छापणारे महाभागही आहेत. नोंदणी म्हणजे परताव्याची हमी नव्हे. तिच्यामुळे काही बंधने मात्र येतात. नोंदणीकृत विश्लेषकाला अहवालाच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस त्या शेअरचे व्यवहार करता येत नाहीत, आणि स्वतःकडे तो शेअर असल्यास ते जाहीर करावे लागते. या बंधनाचे मोल कळण्यासाठी साधना ब्रॉडकास्ट या शेअरबाबत सेबीने मार्च २०२३ मध्ये दिलेला अंतरिम आदेश वाचावा: यूट्यूबवरील व्हिडिओंनी सामान्य गुंतवणूकदारांची मागणी वाढवली आणि त्या चढ्या भावात आतल्या मंडळींनी आपले शेअर विकले, असे त्यात नमूद आहे.

पडताळणी न झालेला मागील परतावा जाहिरातीत मिरवण्याला नियमांची मनाई आहे. म्हणून “आमच्या पाच मल्टिबॅगर (कित्येक पटींनी वाढलेल्या) शिफारशी” असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले दिसले की मी तिथेच थांबतो. ज्याला नियम माहीत नाही किंवा माहीत असून जुमानत नाही, त्याच्या हाती निवृत्तीचा पैसा द्यायचे कारण नाही. खात्रीशीर परतावा सांगणाऱ्याचा तर विचारच करू नये, आणि वर्गणी खासगी व्यक्तीच्या खात्यात मागणाऱ्याचाही.

त्याऐवजी मी दोन-तीन वर्षांपूर्वीचे अंक मागवायला सांगतो, निवडक नव्हे तर सलग सहा महिन्यांचे. तेजीच्या काळातील अंकांवरून फारसे काही कळत नाही. एखाद्या पडलेल्या शेअरबद्दल पुढच्या अंकांत काय लिहिले आहे, ते वाचावे. “आमचा अंदाज या कारणाने चुकला, आता विका” असे स्पष्ट लिहिणारे पत्र मला चालते. तो शेअर यादीतून गुपचूप नाहीसा झाला असेल, किंवा “दीर्घ मुदतीसाठी धरून ठेवा” हेच वाक्य दर तिमाहीत फिरत असेल, तर दुसरे काही तपासण्याची गरज उरत नाही.

एवढे सगळे असूनही मी काहींना “घ्या” असे सांगतो. ज्यांच्याकडे पुरेशी रक्कम आहे, वार्षिक अहवाल वाचण्याची आवड आहे आणि शिफारशीपेक्षा तिच्यामागचे विवेचन वाचण्यात ज्यांना रस आहे, अशांना चांगले पत्र अभ्यासाचे साधन म्हणून उपयोगी पडते. ताळेबंद कसा वाचावा, एखाद्या रसायन कंपनीची मार्जिन, म्हणजे विक्रीतले नफ्याचे प्रमाण, का घसरली, प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवले असतील तर त्याचा अर्थ काय, हे त्यातून शिकता येते, आणि शिकणाऱ्याला प्रत्येक शेअर घ्यावाच लागत नाही.

अशांनीही एकदम तीन वर्षांची वर्गणी सवलतीत भरू नये. नोंदणीकृत विश्लेषकाची सेवा मुदतीआधी बंद केल्यास उरलेल्या काळाचे पैसे प्रमाणात परत मागता येतात; ही अट करारात लिहिलेली आहे का, ते पैसे भरण्याआधी पाहून घ्यावे, आणि ती नसेल तर का नाही, हे ईमेलने विचारावे. त्या ईमेलला किती दिवसांत आणि कसले उत्तर येते, तेही पाहण्यासारखे असते.