रोजमेळाच्या कागदावरून सुरू झालेली आमची वाटचाल

आमचं मूळ काम चोपड्यांचं. सांगलीत हळदीची, गुळाची, बेदाण्याची अडत दुकानं, त्यांना लागणारे रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाच्या वह्या), खतावण्या (खातेवह्या), लाल कापडाच्या लांब वह्या वडील बांधून द्यायचे. दिवाळीच्या आधी दोन महिने घरात पाय ठेवायला जागा नसायची, सगळीकडं पुठ्ठे आणि जुज, म्हणजे शिवायचे घडी घातलेले कागदांचे गठ्ठे, पसरलेले, आई आणि आत्या रात्री अकरापर्यंत शिवत बसायच्या. मग कॉम्प्युटर आले, हिशोब टॅलीवर गेला, जुलै 2017 ला जीएसटी लागला आणि जे उरलेले दुकानदार होते ते पण लक्ष्मीपूजनाला पूजेपुरती एकच वही न्यायला लागले. त्या वर्षी लेजर पेपरच्या, म्हणजे हिशोबाच्या वह्यांच्या कागदाच्या, अकरा रिम तशाच पडून राहिल्या. वडील काही बोलले नाहीत पण रोज सकाळी त्या रिमांवरची धूळ झटकायचे, मला ते बघवत नव्हतं.

आमच्या गल्लीत ड्रॉइंगचे एक रिटायर सर आहेत. ते एक दिवस फाटलेली वही घेऊन आले. बाहेरची महागाची वही, पण पाठीला नुसता गोंद, त्यामुळं दोनदा पूर्ण उघडली की पानं सुटलेली. सर रोज एसटी स्टँडवर, भाजी मंडईत उभं राहून पेननं स्केच करतात. मला म्हणाले, "अरे एका हातात वही, एका हातात पेन, पान दाबून धरायला तिसरा हात कुठनं आणू?" वडील आतनं ऐकत होते. त्यांनी वही हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि म्हणाले, "जुजबंदी करून देतो, रोजमेळासारखी." दिवाणजीला खतावणी सपाट उघडलेलीच लागते, तेच काम. चार कागद घडी घालून एक जुज, म्हणजे सोळा पानं, असे सहा जुज दोऱ्यानं शिवून पाठीला कापड. कागद घरात होता तोच वापरला, पडून राहिलेला लेजर पेपर.

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच दारात. वही उघडून दाखवली, पान भरून स्टँडवरची माणसं, आणि बोट ठेवून म्हणाले, "बघ, शाई कुठंच फुटली नाही."

हे असं का होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. कागद म्हणजे शेवटी तंतूच, त्यावर मिलमध्ये खळीसारखं सायझिंग दिलेलं असतं. ते कमी असलं की तंतू शाई ओढून घेतात, रेघेला केस फुटतात आणि शाई मागच्या पानावर उतरते. लेजर पेपर टाकानं (दौतीत बुडवून लिहायच्या लेखणीनं) आणि शाईपेननं लिहायलाच बनवलेला, हिशोबाचा आकडा फुटून चालत नाही, म्हणून त्याला सायझिंग चांगलं असतं. म्हणजे वडिलांकडं जे होतं, कागद पण आणि शिलाई पण, तेच या लोकांना हवं होतं आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

पहिल्या चाळीस वह्या सरांच्या ओळखीतनंच गेल्या. पण मला वाटलं आपण जे विकतोय ते आपल्याला यायला पाहिजे, म्हणून मी रविवारी सरांच्या मागं जायला लागलो. माझी ड्रॉइंगची एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेली, पण ती सगळी पेन्सिल आणि खोडरबरवाली, हातात पेन घेतल्यावर पहिले दोन महिने रेघ मारायचीच भीती वाटायची. सर सांगायचे, पुसायचा विचार करू नकोस, चुकलेली रेघ तिथंच राहू दे, तिच्या शेजारी दुसरी मार, बघणाऱ्याचा डोळा बरोबर ती निवडतो. आणि खरंच तसं होतं. मार्केट यार्डात हळदीच्या सीझनला हमाल पोतं उचलतो तेव्हा तुमच्याकडं तीन-चार सेकंद असतात. चेहरा, बोटं, शर्टाची बटणं काही जमत नाही. मानेपासून टाचेपर्यंत एक वाकलेली रेघ, तिच्यावर पोत्याचा आडवा भार, पुढच्या गुडघ्याला एक कोन, बस्स. तेवढ्यात तो ट्रककडं गेलेला असतो, पण वजन कागदावर आलेलं असतं. दुसरा हमाल येतो तोही तसाच वाकतो, मग त्याच्यावरून पहिल्याचं राहिलेलं पूर्ण करायचं. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नसती.

सरांनी एकदा रेम्ब्रांटच्या स्केचचे प्रिंट दाखवले. सतराव्या शतकातला माणूस, रस्त्यावरचे भिकारी, पोर कडेवर घेतलेली बाई, सगळं पिसाच्या लेखणीनं नाहीतर बोरूनं भराभर काढलेलं. बोरू म्हणजे आपल्या पोथ्या लिहायचा तोच, बांबूचा किंवा नळाच्या गवताचा तासून केलेला. तेव्हापासून आम्ही वहीबरोबर एक बोरू फुकट देतो, वडील स्वतः तासतात. बाकी महागाचं पेन पाहिजेच असं काही नाही, बॉलपेननं सुद्धा छान होतं. मी स्वतः टोक वाकवलेली निब वापरतो, उभी धरली की बारीक रेघ, आडवी केली की जाड, झाडाची सावली एका फटक्यात येते.

2019 चा ऑगस्ट आम्ही विसरणार नाही. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, आम्ही सगळा माल त्याच्या दोन फूट वर ठेवला आणि निवांत झालो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं. परत आलो तेव्हा रिमांच्या विटा झालेल्या, शिवून तयार असलेल्या एकशेदहा वह्या फुगून फाटलेल्या, वह्या दाबायचा शिकंजा गाळात. माझ्या दोन भरलेल्या स्केचच्या वह्या पण त्यातच होत्या. आईनं पानं एकेक करून दोरीवर वाळवली. एका वहीत नुसते निळे ढग उरलेले, दोन वर्षांची सगळी माणसं वाहून गेली. दुसरीत पानं पिवळी पडली, कडांना गाळाचे डाग आले, पण हरिपूरचा संगम, मिरजेतला भोपळा घासत बसलेला तंबोरेवाला, सगळं रेघन्‌रेघ जागेवर. पहिलीत साधी डाय शाई होती, ती पाण्यात विरघळते. दुसरीत पिगमेंट शाई, तिचे कण वाळल्यावर कागदाला धरून बसतात. त्या पानांची फ्रेम दुकानात आहे, गिऱ्हाईक विचारतं तेव्हा मी ते दाखवूनच शाई देतो. पिगमेंट शाई घेणाऱ्याला एक सांगतोच, पेन महिनाभर तसंच ठेवू नका, वाळली की निघत नाही, अधूनमधून पाण्यानं धुवा. आणि शेलॅकवाली, म्हणजे लाख घातलेली, इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये कधीच घालायची नाही, ती टाकाला आणि बोरूला ठीक.

नंतर कर्ज काढून परत उभं राहिलो. एका कागदवाल्यानं मधल्या काळात नमुना एक दाखवला आणि माल दुसरा पाठवला, साठ वह्या बांधून झाल्यावर कळलं की शाई फुटतेय. त्यानं फोन उचलायचं बंद केलं. आम्ही साठच्या साठ गिऱ्हाइकांना वह्या बदलून दिल्या, त्या वर्षी नफा झाला नाही, पण त्यातली बरीचशी माणसं आजही आमच्याकडनंच घेतात. तेव्हापासून प्रत्येक रिममधला एक कागद काढून त्यावर तीन शायांनी रेघा मारल्याशिवाय मी कटिंगला लावत नाही.

आता आम्ही घरचे तिघं आणि शिलाईला दोन बायका एवढं काम करतो. महिन्यातल्या एका रविवारी गणपती मंदिराजवळ घाटावर स्केचिंगला जमतो, फी नाही, वही कुणाचीही चालते. 2007 मध्ये सिएटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकारानं अर्बन स्केचर्स सुरू केलं, जागेवर बसून, बघून काढायचं, फोटोवरनं नाही, आम्ही तोच नियम पाळतो. नवीन मुलांना पहिला अर्धा तास कागदाकडं न बघता समोरच्या माणसाची कडा काढायला लावतो. नाक कानापाशी जातं, पोरं हसतात, पण हात मोकळा होतो.

सरांनी आता नवी मागणी आणलीय, आडवी लांब वही पाहिजे, आयर्विन पूल एका पानात बसत नाही म्हणून. ऐकायला सोपं आहे पण कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतरच पाहिजे, नाहीतर पानं वळतात आणि वही सपाट राहत नाही, आणि आडव्या वहीसाठी तसा कापला की आमच्या साइजच्या कागदात बरीच पट्टी वाया जाते. वडील म्हणाले पट्टीच्या छोट्या खिशातल्या वह्या करू. तीन नमुने शिकंज्यात दाबून ठेवलेत, सोमवारी काढायचेत.